आज तव्यावर कोण?

हल्ली तालुक्याच्या गावातल्या हॉटेलच्या पाटीवरही ‘मेक्सिकन’ हा शब्द वाचायला मिळतो. पंजाबी, चायनीज आणि त्याखाली मेक्सिकन. मागवलं की त्रिकोणी कुरकुरीत चकत्या येतात, वर पिवळंधमक चीज ओतलेलं, कडेला टोमॅटो सॉस. मुलं खूश होतात, आपणही म्हणतो, बदल म्हणून ठीक आहे. मी २०१७ पासून मेक्सिकोत राहते, आणि हे पिवळं चीज इथे ओळखीच्या एकाही घरात रात्रीच्या जेवणाला मी पाहिलेलं नाही. मग इथल्या घरात रात्री असतं तरी काय? आणि घर चौदा माणसांचं असेल तर ते करतं कोण? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रुचकर आहे, ते देतेच. पण मला जास्त बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

आम्ही राहतो ते गाव चोलुला, पुएब्ला या मोठ्या शहराला चिकटून असलेलं. गावात एक टेकडी आहे, टेकडीवर पिवळ्या रंगाचं चर्च. ही टेकडी म्हणजे खरं तर प्राचीन पिरॅमिड, आकारमानाने जगातला सर्वांत मोठा, गवताझाडांखाली झाकला गेलेला. हवा स्वच्छ असली की मागे पोपोकातेपेत्ल हा जिवंत ज्वालामुखी दिसतो, डोक्यावर धुराचा तुरा घेऊन. पुएब्लाच्या आसपास मोटारींचे कारखाने पुष्कळ. अशाच एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आमच्या ह्यांची नोकरी. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालकांचं कुटुंब.

कुटुंब म्हणजे कसं, ते ऐका. सगळ्यांची मिळून एक आजी, तिला सगळे ‘आबुएलिता’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. थोरला मुलगा बस चालवतो, त्याची बायको एका दवाखान्यात नर्स, त्यांना चार मुलं. मधली सून आणि तिची दोन मुलं. नवऱ्यापासून वेगळी झालेली लेक, ती शिक्षिका आहे, तिची दोन मुलं. आणि वायरिंगची कामं करणारा धाकटा मुलगा, तेव्हा बिनलग्नाचा. मोजा, चौदा भरतात. मधला मुलगा मी मोजलेला नाही, कारण तो २००६ पासून न्यूयॉर्कला आहे. कागदपत्रांविना गेलेला. परत यायला त्याला कुणी अडवत नाही, पण आला तर पुन्हा जाता येणार नाही, आणि घराचा अर्धा खर्च त्याच्या पैशांवर चालतो. तो गेला तेव्हा बायको गरोदर होती. त्या लेकीने बापाला फोनच्या पडद्याबाहेर अजून पाहिलेलं नाही. पुएब्ला भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. इथली इतकी माणसं न्यूयॉर्कला गेलीत की लोक थट्टेने त्या शहराला ‘पुएब्ला यॉर्क’ म्हणतात.

माझं माहेर बार्शीचं, तेही मोठं खटलं. त्यामुळे खालचा गलका मला परका वाटला नाही. तरी पहिले सात-आठ महिने आमचा संबंध जिन्यात ‘बुएनास तार्देस’ म्हणण्यापुरताच. मग १९ सप्टेंबर २०१७ आला. १९८५ साली याच तारखेला इथे मोठा भूकंप झाला होता, त्याची आठवण म्हणून दरवर्षी या दिवशी तालीम होते. सकाळी अकराला ती झाली, आणि दुपारी सव्वा वाजता खरोखरचा भूकंप आला, ७.१ तीव्रतेचा. टेकडीवरच्या चर्चच्या मनोऱ्यांची मोडतोड झाली. आमच्या घराच्या भिंतींना तडे गेले, पण घर उभं राहिलं. गॅस बंद ठेवायला सांगितला होता. आबुएलिताने अंगणात कोळशाची शेगडी पेटवली, तिच्यावर मातीचा तवा ठेवला आणि वर बघून मला हाक मारली, ‘‘वेसिना, खाली या, मुलाला घेऊन या.’’ वेसिना म्हणजे शेजारीण. ते चार-पाच दिवस आम्ही सगळे अंगणातच जेवलो, झोपलो. गॅस सुरू झाल्यावरही रात्री खाली जेवायचा रिवाज मोडला नाही. मी दर महिन्याला शिध्याचे पैसे देते आणि हाताने काम करते. म्हणजे आता सतरा पानं.

इथे मुख्य जेवण दुपारचं, दोन ते चारच्या दरम्यान. रात्रीचं म्हणजे ‘सेना’, ते मूळचं हलकं. गोड पाव, दूध, फार तर दुपारचं उरलेलं. पण या घरात दुपारी सगळे एकत्र असतातच कुठे? कुणी बसवर, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत डबा घेऊन. त्यामुळे सगळ्यांची तोंडं एकमेकांना दिसतात ती रात्री नऊला, आणि तेच जेवण मोठं होऊन बसलंय.

त्या जेवणाचा पाया म्हणजे मक्याची तोर्तिया. आपली भाकरी समजा, पण तळहाताएवढी आणि पातळ. आपण भाकरी कोरड्या पिठाची करतो, तसं इथे नाही. इथे मका आधी चुन्यात शिजवतात. हो, चुना, आपला खाण्याचा! एक किलो वाळलेला पांढरा मका, तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅमच्या आसपास खाण्याचा चुना. चाळीसेक मिनिटं मंद शिजवायचा, दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटली पाहिजे. मग झाकून रात्रभर तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिवळं पाणी फेकून, चोळून चोळून धुवायचा आणि ओलाच दळायचा. त्या दळलेल्या ओल्या गोळ्याला म्हणतात ‘मासा’. (पहिल्या दिवशी आबुएलिता ‘मासा आण’ म्हणाली तेव्हा आमचा मुलगा सगळ्या पातेल्यांची झाकणं उघडून मासे शोधत होता.) तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. कोवळी गोड कणसं चालत नाहीत, भरड्यासाठी वापरतो तसा पक्का वाळलेला मका हवा. आणि भांडं स्टीलचं घ्या, चुना ॲल्युमिनियमला खातो.

हा चुन्याचा उद्योग नुसत्या चवीसाठी नाही. चुन्यामुळे पीठ चिकट होतं, तोर्तिया मोडत नाही, हाडांना कॅल्शियम मिळतं. पण सगळ्यांत मोठा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन नावाचं एक जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते अंगी लागत नाही. चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. कोलंबसानंतर युरोपने मका उचलला, पण ही पद्धत उचलली नाही. मग इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा भयंकर आजार व्हायला लागला. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी वेड लागायचं. आपल्या ज्वारीचाही यात संबंध आहे. दख्खनमध्ये जवळजवळ नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या लोकांत हा आजार हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिला होता. डाळ, भाजी, दूध सोबत असलं की भीती नाही. मेक्सिकोत मक्याबरोबर घेवडा आलाच, त्यामुळे ताट आपोआप भरतं. कुठल्या कोण बायकांनी हजारो वर्षांपूर्वी ही चुन्याची युक्ती शोधून काढली, त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

मक्याचा विषय निघालाच आहे तर एका मराठी माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे त्यांना मायदेशी परतता येईना. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत आले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेती-शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. आम्ही तो बघून आलो आणि त्या रात्री जेवताना मी ही गोष्ट खाली सांगितली. मधलीची लेक तोर्तियात घास गुंडाळत होती, थांबली. ‘‘तो परत गेला का शेवटी?’’ म्हटलं, गेले, देश स्वतंत्र झाल्यावर. नागपूरला १९६७ मध्ये वारले. ती ‘‘बरं झालं’’ म्हणाली आणि घास तोंडात टाकला. बाकी कुणी काही बोललं नाही.

आता जेवणात काय काय असतं ते सांगते. रोजचा म्हणजे काळा घेवडा. सतरा माणसांना एक किलो, मातीच्या मडक्यात कांदा-लसूण घालून शिजवलेला. मीठ शेवटी. त्यात ‘एपाझोते’ नावाचा उग्र वासाचा पाला, आपण ओवा-हिंग घालतो त्याच कारणासाठी. हा घेवडा पहिल्या दिवशी रस्स्यासकट खायचा, दुसऱ्या दिवशी ठेचून परतायचा. इथे परततात ते डुकराच्या चरबीत. आम्ही ती खात नाही, हे मी बोलले नव्हते, फक्त एकदा वाढताना हात आडवा केला होता. तेव्हापासून आबुएलिता आमच्यासाठी तेलावरचं वेगळं काढून ठेवते.

चटणीशिवाय, म्हणजे साल्साशिवाय, जेवण सुरू होत नाही. तव्यावर टोमॅटो, लसूण आणि मिरच्या काळ्या पडेपर्यंत भाजायच्या, मग तीन पायांच्या दगडी खलात भरड वाटायच्या. मिक्सरमध्ये कराल तर पाणचट होते, हे मला इथेच पटलं. हिरवी करायची तर ‘तोमाते वेर्दे’ लागतात, रसभरीसारखं कागदी आवरण असलेली आंबट फळं. आपल्याकडे ती नसतात, पण कच्चे टोमॅटो आणि वरून लिंबू चालून जातं. मिरची आणि टोमॅटो दोन्ही मूळची याच भागातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली त्याला फार तर पाचशे वर्षं झाली. बार्शीच्या ठेच्याची आजी इथली, हे आबुएलिताला सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘मग नात बरीच तिखट निघाली.’’ मी केलेला ठेचा तिने आदल्या दिवशी खाल्ला होता.

आठवड्यातून एकदा ‘तिंगा’. ही खास पुएब्लाची. मूळची कोंबडीची, पण आमच्यामुळे गाजराचीही व्हायला लागली. गाजराची तिंगा या भागात तशी सगळीकडे मिळते, आमचं कौतुक नाही. दीड किलो गाजर किसून घ्यायचं, चार कांदे उभे चिरून परतायचे, सहा टोमॅटो आणि तीन-चार चिपोत्ले मिरच्या वाटून त्यात ओतायच्या, मग गाजर आणि मीठ. दहा मिनिटांत होतं. चिपोत्ले म्हणजे पिकून लाल झालेली जाड मिरची धुरावर वाळवलेली. तुम्ही सुकी लाल मिरची निखाऱ्यावर धरून भिजवून वाटा, त्या चवीच्या बरीच जवळ जाल. ही तिंगा कडक तोर्तियावर पसरायची, वर किसलेलं पांढरं ताजं चीज, पनीरच्या जातीचं.

पावसाळ्यात भोपळ्याची फुलं येतात. आपण त्यांची भजी करतो, इथे ती चिरून, परतून तोर्तियात चीजबरोबर दुमडतात. आणि मक्याच्या कणसावर येणारी काणी! ज्वारीवर काणी आली की आपल्याकडचा शेतकरी डोक्याला हात लावतो. इथे मक्यावरची ती काळी-राखाडी बुरशी कणसापेक्षा महाग विकली जाते, ‘उइत्लाकोचे’ म्हणून. पहिल्यांदा मी नाक मुरडलं. चव अळंब्यासारखी लागते, आता आवडते. निवडुंगाची पानंही, काटे काढून, भेंडीसारखी परतून. भेंडीसारखीच तार सुटते.

मुलांची कामं ठरलेली. धाकट्या नातवाने मक्याची बादली दुपारी गिरणीवर न्यायची. मुलींनी आणि मुलांनीही घेवडा निवडायचा. थोरलीने दवाखान्यातून येताना कांदा-कोथिंबीर आणायची. शिक्षिका लेक वह्या तपासता तपासता चीज किसते, तिच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांना चिजाचा वास येत असणार. हे सगळं वाटून घेतलेलं, हसतखेळत. मलाही त्याचं फार कौतुक वाटायचं. पण थोड्या दिवसांनी लक्षात आलं की एक काम वाटलेलं नाही. ते म्हणजे तवा.

‘कोमाल’ म्हणतात त्याला. मातीचा, चिकटू नये म्हणून चुन्याच्या पाण्याने सारवलेला. लाकडी दाबयंत्रात प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा दाबायचा, तोर्तिया अलगद तव्यावर टाकायची, दोनदा उलटायची, मग बोटांनी हलकं दाबलं की टम्म फुगते. गरमच खायची असते, गार झाली की मजा गेली. माणशी चार म्हटल्या तरी सत्तरच्या आसपास. म्हणजे सगळे जेवत असतात तेव्हा कुणी तरी तव्याशी उभं असतंच. ती कायम मधली सून असायची. थोरली नोकरीवरून दमून आलेली, लेक नोकरीवाली, आबुएलिताचे गुडघे गेलेले. मधली ‘घरीच असते’. हा शब्द कुठल्याही भाषेत सारखाच लागतो बघा. मी मदतीला उभी राहायचे, पण माझ्या तोर्तियांच्या कडा फाटायच्या आणि ती हसून मला बाजूला करायची. ती शेवटी, एकटी, उभ्याने जेवायची. माझी आईही तशीच जेवायची, म्हणून मला ते दिसायला वेळ लागला नाही आणि बोलायला मात्र धीर झाला नाही. दुसऱ्याच्या घरचा मामला.

गावात तोर्तियांची दुकानं आहेत, तिथे त्या गरमागरम मिळतात. थोरलीने कितीदा सुचवलं, रोज आणूया. आबुएलिता ऐकत नसे. ‘‘यंत्राच्या तोर्तियाला कागदाची चव येते,’’ हे तिचं ठरलेलं उत्तर. तिचंही खोटं नाही. पण तव्याशी ती उभी राहणार नव्हती.

रोज नऊच्या सुमारास न्यूयॉर्कहून फोन यायचा. अजूनही येतो. टेबलावर साल्साच्या वाडग्याला फोन टेकवून ठेवतात, म्हणजे सगळं टेबल त्याला दिसतं. तो एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. इथे असताना त्याने तोर्तिया उलटलीसुद्धा नव्हती. तिकडे भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आता शेगडीवर असतो. २०१९ च्या डिसेंबरात एका रात्री तो नेहमीसारखा सगळ्यांशी बोलत होता. मधली पाठमोरी, तव्याशी. तो म्हणाला, ‘‘मी रोज हिची पाठच बघतो.’’ सगळे हसले. तो हसला नाही. थोरल्या भावाला म्हणाला, ‘‘दादा, आमच्याकडे एका शेगडीवर एकच माणूस रात्रभर ठेवत नाहीत. ऊठ तू, तिला बसू दे.’’

थोरला घास चावत राहिला. आबुएलिता मात्र फणकारली, पुरुषाच्या हाताला मासा जमत नाही, देवाने तसे हात केलेले नाहीत. फोनवरून उत्तर आलं, ‘‘आई, मी इथे दिवसाला किती माणसांचं जेवण करतो ते ठाऊक आहे ना तुला?’’

आणि इथे त्याची लेक बोलली, तेव्हा तेरा वर्षांची. पण ती काय बोलली ते कळायला आबुएलिताची एक गोष्ट माहीत हवी, ती या घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली. आबुएलिताच्या लहानपणी तिची आई पहाटे चारला उठून पाट्यावर मका वाटायची. ‘मेताते’ म्हणतात त्या पाट्याला, उतरता असतो, बाई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वरवंटा पुढेमागे करते. मोठ्या कुटुंबाचा मका वाटायला दिवसाचे चार-पाच तास जायचे. १९२० आणि ३० च्या दशकांत गावोगावी ओल्या मक्याच्या गिरण्या आल्या. बायकांना सुटका दिसली, काही ठिकाणी बायकांनी संघटना करून सरकारकडे गिरण्या मागितल्या. पण अनेक गावांत पुरुषांनीच विरोध केला. गिरणीच्या पिठाला लोखंडाची चव येते म्हणाले. बायका रिकाम्या होतील, रांगेत उभ्या राहून चकाट्या पिटतील, बिघडतील. आबुएलिताच्या आजोबांनी तर गिरणीचे पीठ घरात येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं. ती आणि तिची आई लपूनछपून गिरणीवर जायच्या, आणि आजोबांना कळू नये म्हणून आल्यावर तोच मासा पाट्यावरून एकदा फिरवायच्या. हे सांगताना आबुएलिता दरवेळी पोट धरून हसते.

तर ती मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘तुझे आजोबा म्हणायचे लोखंडाची चव येते. तू म्हणतेस पुरुषाच्या हाताला जमत नाही. सारखंच की.’’

टेबल गप्प झालं. तव्यावर एक तोर्तिया जळाली, तिचा वास सुटला. मग धाकटा काका उठला, वहिनीच्या हातातलं उलथनं घेतलं. त्याची पहिली तोर्तिया फाटली, दुसरी जाड झाली, तिसरी मेक्सिकोच्या नकाशासारखी. सातवी की आठवी फुगली. इथे मुलीची तोर्तिया फुगली की सगळ्या बायका ओरडतात, ‘‘आता तुझं लग्न करायला हरकत नाही!’’ ते वाक्य त्या रात्री त्याला ऐकावं लागलं, आणि २०२२ मध्ये त्याचं लग्न झालं तेव्हा पुन्हा ऐकावं लागलं. मधली टेबलाशी बसली होती, फोनच्या समोर. तिला काय बोलावं सुचेना. नवरा म्हणाला, ‘‘जेव आधी.’’

फ्रीजवर कागद लागला. सोमवार धाकटा, मंगळवार लेक, बुधवार आमचे हे (होय, ह्यांचीही सुटका झाली नाही, कागदावर त्यांचं नाव त्या मुलीने लिहिलं, मला विचारून), गुरुवार ती मुलगी आणि तिचा भाऊ, शुक्रवारी दुकानातून आणायच्या, शनिवार थोरला, रविवार मधली आणि मी. सगळं सुरळीत झालं असं समजू नका. थोरला शनिवारी हमखास उशिरा येतो आणि हातात गोड पावांची पिशवी असते, म्हणजे भांडण नको. मग थोरली त्याच्याकडे न बघता दुकानात मुलाला पाठवते. आबुएलिता शुक्रवारच्या तोर्तिया अजून नाक मुरडून खाते. ह्यांच्या बुधवारी मुलं मुद्दाम जास्त खातात, कारण ‘तिओ’च्या तोर्तिया भाकरीसारख्या जाड असतात आणि घेवड्याबरोबर छान लागतात. हे माझ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ काही आवाजच आला नाही.

२०२० च्या कोरोनात सगळेच घरात, तेव्हा कागदाचा खरा उपयोग झाला. न्यूयॉर्कची हॉटेलं बंद पडली, त्याचे पैसे येईनात, तोर्तियाचं दुकान महाग वाटायला लागलं, शुक्रवारही घरचाच झाला. त्या महिन्यांत मधलीने दारात टेबल मांडून निळ्या मक्याचे ‘त्लाकोयो’ विकायला सुरुवात केली. लांबट, जाडसर, आत घेवड्याचं सारण. ते टेबल अजून आहे. त्यामुळे ती आता ‘घरीच असते’ असं कुणी म्हणत नाही, आणि रविवारी ती थकलेली असली तर मी एकटी निभावते. कडा अजूनही थोड्या फाटतात.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. बाप अजून तिकडेच.

गेल्या महिन्यात त्याचा फोन भलत्याच वेळी, दुपारी आला. सुट्टी होती, आणि त्याने तिकडच्या मेक्सिकन दुकानातून वाळलेला मका आणि चुना आणला होता. खोलीत सहाजण राहतात, सगळे इकडचेच, त्यांना घरची तोर्तिया खायची होती. हॉटेलात शेकडो माणसांचं करणारा, पण मका शिजला की नाही हे त्याला कळेना. आबुएलिता चष्मा शोधत आली, फोन हातात घेतला. ‘‘दाणा काढ. दोन बोटांत धर. चोळ. असा नाही, जवळ आण, मला दिसू दे.’’ त्याने दाणा पडद्याजवळ आणला. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

‘‘अजून दहा मिनिटं,’’ ती म्हणाली, आणि फोन बंद न करता तशीच बसून राहिली.